वेचणीच्या दिवसांतलं मनन

दिवाळी होऊन गेली आहे. जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा सकाळी निळसर दिसतो, आणि त्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीकडे उतरत जाणाऱ्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी फुटली आहे. मननासाठी आज निराळी जागा शोधायला नको. वावराच्या धुऱ्यावर बसा. गावापासून लांब असाल तर जिथे आहात तिथेच बसा आणि अंगावरच्या सुती कपड्याची बाही, पदर, जे हाताला लागेल ते दोन बोटांत धरा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. त्याला वळण लावायला जाऊ नका.

आपल्याला बरंच लांब जायचं आहे, अमेरिकेपर्यंत, आणि दीडदोनशे वर्षं मागे. मग परत इथेच यायचं आहे. मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून ठेवते. जवळचा अन्याय माणसाला सहसा सरळ दिसत नाही, कारण तो रोजचा असतो. लांबच्या कुणाचं दुःख बघता बघता एके दिवशी तो दिसायला लागतो. पण नजर लांबच खिळून राहिली, तर तेच लांबचं दुःख जवळचं झाकायच्याही कामी येतं. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि त्यातलं एक मोठं पान आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लिहिलं गेलं.

आधी बोंडाकडे बघा. फुटलेल्या बोंडाची टोकं वाळून कडक होतात आणि वेचताना नखांच्या कडेला टोचतात. कमरेला ओटी बांधून बाया ओळीने पुढे सरकतात. हात बोंडावर, नजर पुढच्या झाडावर. दुपारी ओटी जड होते, गाठोडं बांधलं जातं, संध्याकाळी ते तोललं जातं आणि किलोमागे मजुरी ठरते. या दृश्यावरून एवढ्यात काही ठरवू नका. करुणा वाटली तर वाटू द्या, नाही वाटली तरी चालेल. बोटांना टोचणारं ते टोक तेवढं लक्षात ठेवा.

आता तेच टोक दुसऱ्या बोटांना टोचताना बघा. १८६० साल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. त्यांतली कितीतरी कापसाच्या शेतांत राबत होती. संध्याकाळी त्यांचाही कापूस तोलला जाई, पण त्या तोलावर मजुरी ठरत नसे. कमी भरला तर चाबूक होता. विलायतेतल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे चार-पंचमांश भाग तिथूनच येत असे. त्या गिरण्यांचं कापड जगभर जाई, आपल्याकडेही येई. एखादी बाई ते कापड नेसून ओलं डोकं पुसत असेल, तेव्हा त्या कापडाच्या मागे कोण उभं आहे हे तिला दिसण्याचा काही मार्गच नव्हता.

काहींना मात्र ते दिसलं. फिलाडेल्फिया शहरात जेम्स मॉट नावाचे क्वेकर पंथाचे गृहस्थ होते. कापसाचा व्यापार करत. १८३०च्या सुमारास त्यांनी तो सोडला आणि लोकरीचा धंदा धरला, कारण तो कापूस गुलामांच्या हातांनी वेचलेला होता. त्यांच्या पत्नी ल्युक्रेशिया मॉट गुलामांच्या श्रमाची साखर घरात येऊ देत नसत. असं करणारी थोडी कुटुंबं होती, गुलामांच्या हाताचा माल न ठेवणारी थोडी दुकानं होती. कापड महाग पडे आणि बरंही मिळत नसे. गुलामगिरी यानं संपली नाही, हे खरं. तरी मी या माणसांपाशी थांबते. चालता व्यापार सोडताना घरात काय बोलणं झालं असेल, पहिल्या वर्षी पैशाची ओढाताण कशी झाली असेल, हे मनात आणून बघा. इथे चांगले दहा-पंधरा श्वास जाऊ द्या.

मग या मंडळींना आपली आठवण झाली. गुलामगिरीविरुद्ध लढणारे इंग्रज वक्ते जॉर्ज थॉम्पसन हे अमेरिकेतल्या विल्यम लॉइड गॅरिसन यांचे जवळचे स्नेही. १८३९ साली विलायतेत ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली, तीत ते पुढे होते. हिंदुस्थानातला शेतकरी स्वतंत्र आहे, त्याचा कापूस मुबलक आला की गुलामांच्या कापसाची गरज उरणार नाही, असा त्यांचा हिशेब. हिशेबामागचं मन चांगलं होतं. पण सात समुद्रांपलीकडून त्यांना जे शेत दिसलं त्यात सावकार पुरता दिसत नव्हता, सालदार दिसत नव्हता, बटईची वाटणी दिसत नव्हती, आणि वेचणारी तर मुळीच दिसत नव्हती. सारा किती जड आहे हे थॉम्पसन बोलत होते, तेवढं त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. जो माणूस विकला जात नाही तो स्वतंत्र, एवढीच स्वतंत्र असण्याची खूण धरली की पुढचं पुष्कळ काही नजरेतून सुटतं.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं होतं. एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापसाची वाट बंद झाली. मुंबईत भाव चढले, वऱ्हाडात अडते फिरू लागले, ज्वारीच्या रानात सरकी पडू लागली. त्या वेळी आपलं जळगाव अकोला जिल्ह्यात होतं. बुलढाणा जिल्ह्यात ते १९०५ साली आलं. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा निघाला. १८६५च्या वसंतात लढाई संपली, आणि त्याच वर्षी घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने गेली. बंदरं उघडली. आपल्याकडे कापसाचे भाव कोसळले.

या जागी जरा जास्त वेळ बसा. एका खंडात लाखो माणसांच्या पायांतल्या बेड्या निघाल्या, आणि त्याच घडामोडीच्या दुसऱ्या टोकाला इथला कुणी कुणबी सावकाराच्या वहीत अडकला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मुक्तीचा आनंद कमी करायला नको आणि कर्जाचं दुःख लपवायला नको. दोन्ही एकाच वेळी मनात धरता येतात का, बघा. मला ते अवघड जातं. मन एकाची बाजू घ्यायला धावतं. धावलं तर हलकेच परत आणा.

पुढे रेल्वे आली. १८६७ साली मुंबईहून नागपूरपर्यंत गाडी धावली, १८७०मध्ये खामगावला फाटा गेला तो कापसासाठीच. वऱ्हाड श्रीमंत म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आणि १८९९-१९००च्या दुष्काळात, पांढरं सोनं पिकवणाऱ्या याच पट्ट्यात माणसं अन्नावाचून मेली.

आता पुण्याला चला. १८४७च्या सुमारास वीस वर्षांचा एक तरुण थॉमस पेन यांचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचतो आहे. हेच पेन अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात लेखणी घेऊन उतरले होते. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार मुलींची शाळा चालवत. ती जोतीरावांनी पाहिली, आणि १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८७३ साली त्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतःचा स्वार्थ बाजूला ठेवला. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नव्हते. जेम्स मॉट यांचं नावही त्यांच्या कानावर आलं असेल की नाही कोण जाणे. पण लांबच्या देशात काळ्या माणसांवर काय झालं हे बघताना त्यांची नजर तिथे अडकली नाही. ती वळून शूद्रातिशूद्रांच्या वस्तीत आली, विहिरीपाशी आली, भटजीच्या पोथीपाशी आली. त्यांनी ज्या गुलामगिरीबद्दल लिहिलं ती इथली होती.

डोळे मिटले असतील तर मिटलेलेच राहू द्या. लांबच्या एखाद्या अन्यायाची बातमी आठवा, जिने तुम्हाला मनापासून राग आणला होता. देश कुठलाही असो. आता हळूच विचारा: याच्यासारखं काही माझ्या गल्लीत आहे का? उत्तर लगेच नको. नुसतं विचारा आणि गप्प राहा.

‘गुलामगिरी’च्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याचे एक सभासद बापूजी हरी शिंदे. ते बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांची मुलगी ताराबाई. पूर्णेच्या खोऱ्याच्या या बाजूला आपण, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा. ताराबाई तिथे वाढल्या. वडिलांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. लग्न झालं, नवरा घरजावई म्हणून आला, मूल झालं नाही. मराठ्यांच्या घरातला पडदा होताच, आणि आपण अशा कोंडलेल्या घरातल्या आहोत हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला दिवस गेले होते, आणि मूल जन्मल्यावर तिने त्याला मारलं. न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून तिच्यावर आणि तिच्या निमित्ताने सगळ्या बाईजातीवर झोड उठली. ते ताराबाईंच्या हाती आलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापलं गेलं. ५०० प्रती, किंमत नऊ आणे.

कुठे सुरत, कुठे बुलढाणा. विजयालक्ष्मी ना नात्यातली, ना जातीतली. ताराबाई त्या एका बाईवर लिहून थांबल्या असत्या तर तेही मोठंच झालं असतं. पण त्यांनी विजयालक्ष्मीकडे बघितलं आणि मग आपल्याभोवतीच्या प्रत्येक घराकडे नजर वळवली. जे जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात, ते एकेक घेऊन त्या विचारतात की हे पुरुषांत नाहीत का? नवरा मेला तर बाईचं सगळं जातं, बायको मेली तर पुरुष दुसरी आणायला मोकळा, हे कोणत्या देवाने ठरवलं? पोथ्या लिहिल्या कुणी? सुधारणेच्या सभा भरवणाऱ्यांनाही त्या सोडत नाहीत. त्या लिहितात रागाने. वाक्य संपायच्या आत पुढचा प्रश्न येऊन धडकतो. हा राग ज्यांना असभ्य वाटतो त्यांच्याशी माझं जमत नाही. इतकी वर्षं मनात कोंडून ठेवलेलं जेव्हा पहिल्यांदा बोलायला मिळतं तेव्हा ते शांत सुरात का यावं? मननातही रागाला जागा असते. तो घालवून द्यायचा नसतो. तो कशाकडे बोट दाखवतो आहे तिकडे बघायचं असतं.

ताराबाईंच्या चव्वेचाळीस वर्षं आधी, १८३८ साली, अमेरिकेत सारा ग्रिम्के यांनी स्त्री-पुरुषांच्या समतेवर पत्ररूपाने पुस्तक लिहिलं होतं. ताराबाईंना त्याची कल्पना असण्याचं कारण नाही. सारा दक्षिण कॅरोलिनातल्या गुलाम बाळगणाऱ्या श्रीमंत घरातल्या. लहानपणी त्यांनी आपल्या दिमतीला दिलेल्या गुलाम मुलीला रात्री चुलाणाच्या उजेडात, दाराच्या कुलपाचं भोक झाकून, अक्षरं शिकवली आणि पकडल्या गेल्या. मोठेपणी घर सोडून उत्तरेला गेल्या, धाकट्या बहिणीबरोबर, अँजेलिनाबरोबर, गुलामगिरीविरुद्ध भाषणं करू लागल्या. तेव्हा पाद्री म्हणाले, बायकांनी सभेत बोलू नये. गुलामांसाठी तोंड उघडलं तेव्हा त्यांना स्वतःच्या तोंडावरचा हात जाणवला. साराने बायबल उघडून पाद्र्यांना प्रश्न विचारले. ताराबाईंनी पुराणं उघडून तेच केलं. १८४० साली लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा अमेरिकेहून आलेल्या स्त्री प्रतिनिधींना सभेत बसू दिलं नाही. बाजूच्या सज्जात बसवलं. त्यांत ल्युक्रेशिया मॉट होत्या. गॅरिसन उशिरा पोचले, आणि सभेत न बसता त्या बायकांजवळ जाऊन बसले.

त्यातूनच आठ वर्षांनी, जुलै १८४८मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मताधिकाराचा ठराव अडखळला, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिले फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून निसटून आलेले. पण तिथे एकही काळी स्त्री असल्याची नोंद नाही. हे मला बोचतं. पुढे युद्धानंतर काळ्या पुरुषांना मत द्यायचं ठरलं आणि आम्हाला आधी का नाही म्हणून काही गोऱ्या पुढारी बायका काळ्यांबद्दल लागट बोलल्या. स्वतः सज्जात बसलेल्यांनी दुसऱ्याला दाराबाहेर ठेवावं, हे होतं. आपल्याकडेही होतं.

म्हणून मुक्ता साळवेंना इथे बोलवायचं. मांग समाजातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, फुल्यांच्या शाळेतली. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मिशनचं पत्र. बाई असणं आणि अस्पृश्य असणं या दोन्हींचा भार एकाच अंगावर कसा पडतो हे तिने लिहिलं, उघड्यावर होणाऱ्या बाळंतपणांबद्दलही लिहिलं. सुधारणेच्या गोष्टी सांगताना आपण मुक्ताचं नाव उशिरा घेतो. आज तिच्याजवळ मुकाट्याने बसा. काही सुचलं तर सुचू द्या, तिच्या वतीने बोलू मात्र नका. ती स्वतः बोलली आहे.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत राहिल्या, परत येऊन १८८९ साली मराठीत तिथली लोकस्थिती सविस्तर लिहिली. बायकांनी संघटना करून गुलामगिरीशी, दारूशी कशी झुंज दिली हे त्यांनी समजून घेतलं, आणि त्याच वर्षी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुन्हा तेच: लांब बघून जवळ येणं. आज महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला बाया मतदान मागतात, उभ्या आणि आडव्या बाटलीचं. त्यांच्या मागे हीही एक परंपरा उभी आहे.

आपणही परत येऊ. नांदुऱ्यावरून, पूर्णा ओलांडून, आपल्या वावरात. श्वास बघा. कापड अजून बोटांत आहे का बघा.

१८८५ साली जोतीरावांनी ताराबाईंची बाजू आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, ९३ वर्षांनी. दरम्यान तीनचार पिढ्यांतल्या बाया त्याच जिल्ह्यात जन्मल्या, वेचणीला गेल्या, विधवा झाल्या, आणि आपल्याच मातीतल्या एका बाईने हे सगळं विचारून ठेवलं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हे नुकसान कसं मोजायचं मला कळत नाही.

२००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचं पॅकेज मिळालं. त्यांत बुलढाणा होता. मागे राहिलेल्या बायांपैकी कितीजणींना सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी दिराशी, सासऱ्याशी भांडावं लागलं, हे तालुक्यातली माणसं जाणतात. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून तेव्हा १४० वर्षं झाली होती.

आता मनन संपवायचं नाही, थोडं कामाला लावायचं आहे. उठण्याआधी तीन माणसं मनात आणा. तुमच्या वावरात किंवा घरात राबणारी एक बाई. तुमच्या घरातली किंवा शेजारची एक विधवा. आणि तुमच्या चांगल्या कामाच्या, मंडळाच्या, बचतगटाच्या बैठकीला जिला कधी कुणी बोलावलं नाही अशी एक. प्रत्येकीचं नाव मनात घ्या. एखादीचं नाव आठवत नसेल तर आधी तेच विचारून यायचं. पहिलीला मजुरी कोण ठरवतं आणि ती ठरवताना तिला विचारतात का, दुसरीचं नाव सातबाऱ्यावर आहे का, तिसरीला पुढच्या बैठकीचा निरोप कोण देणार, हे आज संध्याकाळपर्यंत कळून घेता येईल.

आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’ मिळवा. लहानसं पुस्तक आहे. रात्री जेवणं झाल्यावर त्यातली दोन पानं मोठ्याने वाचा, बाया आणि पुरुष दोघेही बसलेले असताना. भाषा जुनी आहे, मध्ये अडखळायला होईल. कुणी उठून गेलं तर जाऊ द्या. जी म्हातारी काही न बोलता ऐकत बसेल तिला विचारा, तिच्या सासरी काय होतं, आणि ती सांगू लागली की पुस्तक बाजूला ठेवा.